चांदणीचा खडा

हर्णैच्या बाजारात माझं दुकान, आठ बाय दहा.
वडिलांनी शिकवलं ते एवढंच:
खडा उजेडाशी धर,
आत काही दिसलं तर परत कर.
चाळीस वर्षं मी परत करत आलो
धुकं असलेले नीलम, ढग असलेली माणकं.
गिऱ्हाइकाला म्हणायचो, पाण्यासारखा हवा, पाण्यासारखा,
आणि समोर बंदरात पाणी होतं ते
गढूळ, डिझेलचं, खवल्यांनी भरलेलं.

देवकाबाय पावसे पहिल्यांदा आली
तेव्हा पदराच्या गाठीत सुपारीएवढा दगड.
करडा-निळा. पैलू नाहीत, नुसता घोटलेला,
म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यासारखा.
अडखळच्या शरफुद्दीन हमदुलेनं
बोटीवरची नोकरी सोडताना कोलंबोहून आणलेला.
मुलीच्या लग्नात त्याला पैसे कमी पडले,
हिनं एका मोसमाची सुरमई मोजली.
मी म्हटलं, बाय, फसलीस.
ती म्हणाली, ट्यूब बंद कर.

केली.
दारातून उतरतीचं ऊन यायचं, तिरकं, एकच.
तिनं खडा त्यात धरला
आणि दगडाच्या पोटातून
सहा किरणांची चांदणी वर आली,
वाळू बाजूला सारत कुर्ली यावी तशी.
मूठ कलली तशी सरकली,
पुन्हा माथ्यावर येऊन बसली.

नीलम आहे, मी म्हटलं, शनीचा.
उशाशी ठेवून बघ आधी, सोसतो का.
"शनीचा असंल तर त्यानं यावा नि मागावा.
माका बघायला होवा. रोज."

मग येतच राहिली.
रातांब्याच्या रंगाचं माणिक आणलं.
काळा एक, चारच किरणांचा;
हा नीलमही नव्हे, स्वस्तातला, मी सांगितलं.
तिनं तोही मढवून घेतला, चांदीत.
एकदा मुंबईच्या दलालानं दाखवलेला
लखलखीत, आखल्यासारख्या किरणांचा
तिनं अंगठ्यानं परत सरकवला:
"ही वरून काढलीय. आतून आलेली नाय."
खरंच कारखान्यातला होता.
मला भिंग लागलं, तिला नाही.

संध्याकाळी लिलावाला ती हात वर करते,
ट्रकचे दोन दिवे तिच्यावर पडतात
आणि एकेका खड्यात दोन दोन चांदण्या.
व्यापारी आकडा चुकतात म्हणे. असेल.
आषाढात बोटी वर ओढलेल्या, आभाळ गच्च,
खडे मुके, नुसते गोटे.
तरी बोटांत असतात.
विचारलं तर म्हणाली, आत हाय ना.

आत काय आहे ते मी नंतर वाचलं.
केसाहून बारीक सुया, खड्याच्या जन्मापासूनच्या.
जाणकार त्याला रेशीम म्हणतात.
भट्टीत तापवला की सुया विरून जातात,
खडा निर्मळ होतो, भाव चढतो,
चांदणी जाते.
मी हिशेबाची जुनी वही काढली
आणि मिटली.
किती विकले असतील तसे, पाण्यासारखे.

यंदा तिची बोटं वाळलीत.
बर्फात चाळीस वर्षं घातलेले हात ते.
अंगठी सैल होते, म्हणून ठेवून गेली,
पहिलीच, कोलंबोची.
काम अर्ध्या तासाचं.
रात्री वीज गेली.
मी ती करंगळीत घातली,
मोबाइलची बॅटरी लावली, हात लांब धरला.
बायको आतून म्हणाली, काय शोधताय?
मी काही बोललो नाही.
हात थोडा डावीकडे नेला. थोडा उजवीकडे.

सकाळी देवकाबाय दारात.
डाग बसला नाही अजून, मी म्हटलं,
उद्या ये.
तिनं माझ्या करंगळीवरचा वळ पाहिला
आणि टोपली डोक्यावर घेतली.
"परवा येतंय," म्हणाली.